दोन किलोच्या आतला लॅपटॉप

आईने लॅपटॉप मागितला तेव्हा ग्रॅमसाहेबांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी राहूनच गेली. ऑफिसात दिवसभर लोक त्यांच्या डाव्या गालाकडे बघून बोलत होते आणि त्यांना वाटत होतं, आपल्या कामाचा दरारा वाढलाय.

ग्रॅमसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. एका साबण कारखान्याला त्यांनी वडीमागे सात ग्रॅम कमी भरले म्हणून कोर्टात उभं केलं, तेव्हापासून ऑफिसने हे नाव दिलं आणि पुढे बायकोनेही ते उचललं. बायको एका शाळेत ग्रंथपाल होती. घरात ती "अहो" म्हणायची. "ग्रॅमसाहेब" म्हणाली की समजायचं, काहीतरी चुकलंय.

तर आई न्हाणीघराच्या दाराशी काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, मला एक लॅपटॉप हवाय. गेमिंगचा."

"कसला?"

"गेमिंगचा. ज्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, तो. साध्यावर माझा ट्रक अडखळतो."

आणि तिने गुडघ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलेली यादी पुढे केली. सोळा जीबी रॅम. पाचशे बारा जीबीची एसएसडी. ग्राफिक्स कार्ड वेगळं, खाली दोन रेघा. अक्षर आईचं, शब्द नातीचे. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोनदा असं होतं, त्यामुळे ग्रॅमसाहेबांना क्षणभर वाटलं की हेही डॉक्टरांनीच लिहून दिलंय.

ट्रकचं प्रकरण असं. वर्षापूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एक्काहत्तराव्या वर्षी ती दोन महिने घरात अडकली. तेव्हा ग्रॅमसाहेबांच्या लेकीने घरातल्या जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तिला एक खेळ घालून दिला. खेळ म्हणजे एवढंच, की मोठ्ठा ट्रक घ्यायचा, त्यात माल भरायचा, आणि बर्फाचे डोंगर, समुद्रकाठ, परक्या मुलखातली गावं ओलांडत तो पोचता करायचा. लेक पुढे शिकायला दुसऱ्या शहरात गेली. पण रोज संध्याकाळी सहाला आजी आणि नात आपापल्या कॉम्प्युटरवर बसत, कानाला हेडफोन लावत आणि दोघींचे ट्रक मागेपुढे निघत. आईला आयुष्यभर कोणीतरी कुठेतरी नेलं होतं. स्वतः ठरवून ती कुठे गेली असेल तर ती याच ट्रकमधून. स्वयंपाकघरात बायकोने कुकर लावला की हॉलमधून आवाज येई, "अगं, तू वळणावर ब्रेक मार ना! लाकडं आहेत आपल्यात!"

आता ग्रॅमसाहेबांच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं होतं आणि आई पाच महिने तिच्याकडे राहायला निघाली होती. "मी बाळांना सांभाळायला नाही जात," ती सांगायची, "सांभाळणाऱ्यांवर लक्ष ठेवायला जातेय." पण टेबलावरचा कॉम्प्युटर काही बरोबर नेता येण्यासारखा नव्हता. जायला तीन आठवडे होते.

"घेऊ," ग्रॅमसाहेब म्हणाले. आईने आजवर त्यांच्याकडे स्वतःसाठी एक चष्मा सोडून काही मागितलं नव्हतं. "बजेट सत्तर हजारांचं. आणि हलका हवा, कारण तुझ्या एका हातात काठी असणार."

किती हलका, हा प्रश्न एखाद्याने अंदाजावर सोडला असता. ग्रॅमसाहेबांनी सोडला नाही. त्यांनी एका पिशवीत साखरेचे अर्ध्या अर्ध्या किलोचे पुडे भरले (प्रत्येक पुडा आधी काट्यावर तपासून) आणि आईला हॉलपासून गच्चीच्या दारापर्यंत चालायला लावलं. एक किलोला आई गप्पा मारत गेली. दीड किलोला गप्पा कमी झाल्या. दोन किलोला ती नुसती गेली आणि आली. अडीच किलोला मात्र ती वाटेत कॅलेंडरपाशी थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. तारीख बघतेय."

ती तारीख सकाळीच बघून झाली होती, हे ग्रॅमसाहेबांना माहीत होतं. त्यांनी वहीत लिहिलं: दोन किलो, चार्जर धरून. मग पिशवी तिच्या खांद्यावरून उतरवली आणि बराच वेळ पुडे पुन्हा डब्यात ओतत बसले.

यानंतर खरं तर सरळ दुकानात जायचं. पण मध्यमवर्गीय माणूस विचारल्याशिवाय हातरुमालही घेत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनीअर राहत. हयात पूल बांधण्यात गेलेली, त्यामुळे कुठलीही वस्तू ते तिच्यावरून किती गाड्या जातील या हिशोबाने बघत. त्यांनी यादी वाचली आणि मान हलवली.

"सोळा जीबी? बत्तीस घ्या. स्क्रीन सतरा इंची घ्या. आणि ते ग्राफिक्स कार्ड सगळ्यात वरचं. पूल बांधताना आम्ही तिप्पट भार धरायचो."

"पण हा आई खांद्यावर नेणार आहे."

"मग खांदा मजबूत करा," इंजिनीअर म्हणाले आणि भिंतीला हात टेकून करायचे तीन व्यायाम त्यांनी करून दाखवले. आईसाठी म्हणून, पण करवून घेतले ग्रॅमसाहेबांकडून.

समोरच्या दारात दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे स्वतःचा गेमिंग लॅपटॉप होता, म्हणजे हा माणूस जाणकार. अडचण एवढीच, की ते दवाखान्यात खुर्चीजवळच भेटत आणि त्या खुर्चीत माणूस बसला की त्यांचे हात थांबत नसत. ग्रॅमसाहेब "फक्त एक सल्ला" म्हणून टेकले. तोंड उघडून प्रश्न विचारू लागले आणि ते तोंड मग तासभर मिटलं नाही.

"बघा," डॉक्टर आरसा आत घालत म्हणाले, "हलका, ताकदवान आणि स्वस्त, या तिन्हीतले फक्त दोनच मिळतात. हलका आणि ताकदवान घ्या, बजेट फाटेल. ताकदवान आणि स्वस्त घ्या, विटेएवढा जड. हलका आणि स्वस्त घ्या, तर ट्रकऐवजी बैलगाडी चालवावी लागेल. ही दाढ दुखत नाही तुमची?"

"आँ... आआ," ग्रॅमसाहेब म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, मग तिन्ही हवे असतील तर काय करायचं.

"दुखतच असणार," डॉक्टर म्हणाले आणि सुई भरली.

सल्ल्याचे पैसे डॉक्टरांनी घेतले नाहीत. दाढेचे घेतले. ग्रॅमसाहेब अर्धा बधिर चेहरा घेऊन घरी आले तेव्हा बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" आणि त्यांनी उजव्या ओठातून सांगितलं, "तीनातले दोनत."

यावर उतारा म्हणून ग्रॅमसाहेबांना ऑफिसच्या कर्मचारी भांडाराची आठवण झाली. तिथे कॉम्प्युटरवर चांगली सवलत मिळत असे. म्हणजे बजेट न फाटता तिसरी गोष्टही जमली असती. अर्ज एक पानी होता. त्यात एक रकाना होता: वापराचा उद्देश. शैक्षणिक, कार्यालयीन, वैद्यकीय किंवा इतर. ग्रॅमसाहेबांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: आईला ट्रक चालवण्यासाठी.

चार दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता: अर्जदाराच्या मातोश्रींचा अवजड वाहन परवाना जोडावा.

ग्रॅमसाहेबांनी सविस्तर खुलासा केला. सदर ट्रक प्रत्यक्षात अस्तित्वात नसून तो पडद्यावर चालतो. मातोश्री प्रत्यक्षात काठीने चालतात.

तीन दिवसांनी शेरा आला: अस्तित्वात नसलेल्या वाहनासाठी सवलतीची तरतूद नाही.

हेडक्लार्क भला माणूस होता. त्याने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, 'शैक्षणिक' लिहून टाका की. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," ग्रॅमसाहेब म्हणाले.

हेडक्लार्कने त्यांच्याकडे, आपण आजाऱ्याकडे बघतो तसं पाहिलं आणि अर्ज निकाली काढला. दोन आठवडे असे गेले. आईने या काळात एकदाही विचारलं नाही. फक्त एका संध्याकाळी ग्रॅमसाहेब लवकर घरी आले, तर हॉलमधून तिचा आवाज आला: "नाही जमलं तर नाही गं. तू आपली एकटी जात जा. आणि अंधाराच्या आत पोचत जा." ते चपला हातात घेऊन पुन्हा जिन्यात गेले आणि पाच मिनिटांनी मुद्दाम खोकत आत आले.

शनिवारी ते निघाले. शहरात एक अख्खा रस्ता कॉम्प्युटरच्या दुकानांचा होता. ऑफिसचा तराजू खाजगी कामाला वापरणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी घरचा काटा घेतला. मात्र तो ठेवला खात्याची मुद्रा असलेल्या पिशवीत, कारण त्या मापाची दुसरी पिशवी घरात नव्हती. पुढचं सगळं रामायण त्या पिशवीने घडवलं.

पहिल्याच मोठ्या दुकानात एक लॅपटॉप त्यांच्या डोळ्यात भरला. पाटीवर लिहिलं होतं, वजन फक्त एक किलो सातशे. किंमत बजेटात.

"चार्जर बघू," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"चार्जर कशाला सर? तो सगळ्यांचा सारखाच असतो," विकणारी मुलगी म्हणाली.

ग्रॅमसाहेबांनी पिशवीतून काटा काढला, काउंटरवर ठेवला, पातळी बघितली, शून्यावर आणला. लॅपटॉप भरला एक किलो सातशे ऐंशी. मग चार्जर आला. तो चार्जर नव्हता, तो पायाचा दगड होता. दोन्ही मिळून दोन किलो चारशे साठ.

"चार्जर बाहेर ठेवून वजन सांगायचं," ग्रॅमसाहेब म्हणाले, "म्हणजे पाय सोडून उंची सांगण्यासारखं झालं. पाटीत आणि मालात ऐंशी ग्रॅमचा फरक. नोंद करा."

"नोंद करा" हे वीस वर्षांच्या सवयीने गेलं. नोंद करणारा शिपाई शनिवारी आपल्या घरी झोपला होता. पण मुलीची नजर पिशवीवरच्या मुद्रेवर गेली आणि ती आत पळाली. आतून मालक आले, त्यांच्यामागून चहा.

"साहेब, आधी कळवलं असतं तर..."

"मी गिऱ्हाईक म्हणून आलोय."

"हो हो," मालक समजूतदारपणे म्हणाले, "तुम्ही लोक तसेच येता."

हे खरंच होतं. ग्रॅमसाहेब साबणवाल्याकडेही गिऱ्हाईक म्हणूनच गेले होते.

"घरात आईला हवाय," ते म्हणाले.

"आईला गेमिंग लॅपटॉप," मालक म्हणाले. "बरोबर आहे साहेब." आणि त्यांनी कपाटातून एक काढला. काळाभोर, पातळ, चार्जर तळहातात मावेल एवढा. किंमत एक लाख दहा हजार. "तुमच्यासाठी पासष्ट."

हलका, ताकदवान, स्वस्त. तिन्ही एकाच हातात. ग्रॅमसाहेबांनी तो उचलला, आणि काट्याशिवाय त्यांना कळलं की हा आई कॅलेंडरपाशी न थांबता नेईल. त्यांनी दोन श्वास तो तसाच धरून ठेवला. त्या दोन श्वासांबद्दल ते पुढे कोणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी तो काउंटरवर ठेवला, काटा पिशवीत घातला, आणि चहाला हात न लावता बाहेर पडले.

पण बातमी त्यांच्या पुढे चालत होती. दुसऱ्या दुकानाने त्यांच्या डोळ्यांदेखत शटर ओढलं. तिसऱ्यावर घाईने पाटी लागली: मालमोजणीसाठी बंद. चौथ्या दुकानात दिवे चालू होते, पंखा फिरत होता आणि माणूस एकही नव्हता. भर दुपारी तो गजबजलेला रस्ता ग्रॅमसाहेबांच्या पावलागणिक मिटत गेला. वीस वर्षं प्रामाणिकपणे नोकरी केली की माणसाला शेवटी एक लॅपटॉपही विकत मिळत नाही, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. बायको आधी खूप हसली. मग त्यांचा चेहरा बघून थांबली आणि पाणी आणायला गेली. आई हसली नाही.

"त्या पासष्टवाल्याचं काय केलंस?" तिने विचारलं.

"ठेवून आलो."

"बरं केलंस," आई म्हणाली. "उद्या आपण तिघं जाऊ. तू बाहेर थांब."

रविवारी ग्रॅमसाहेब रस्त्याच्या पलीकडे बसथांब्याच्या खांबामागे उभे राहिले. समोर रस्त्याच्या टोकाचं एक छोटं दुकान होतं, काच स्वच्छ. बायकोने फोन लावून पर्समध्ये टाकला होता, त्यामुळे दिसत काचेतून होतं आणि ऐकू पर्समधून येत होतं.

"आजी, नातवासाठी का?" दुकानदाराचा आवाज.

"मला," आईचा आवाज. तिने यादी पुढे केली. ती वाचताना दुकानदार मध्येच थांबला आणि त्याने तिला बसायला खुर्ची दिली.

"यादी पक्की आहे आजी. पण ग्राफिक्स कार्ड कितपत भारी हवं? म्हणजे किती फ्रेम्स लागतील तुम्हाला?"

"फ्रेम्स म्हणजे वेग का?"

"वेगच समजा."

"मी साठच्या वर कधीच चालवत नाही," आई म्हणाली. "घाटात तर चाळीस."

पर्समधून दुसरी खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला.

"आजी," दुकानदार म्हणाला, "मग तुम्हाला डोंगराएवढं कार्ड कशाला हवं? तुमच्या ट्रकला मधलं कार्डसुद्धा पळवेल."

ग्रॅमसाहेबांनी खांबाला कपाळ टेकलं. इंजिनीअर, डॉक्टर, हेडक्लार्क, सगळ्यांना विचारून झालं होतं. ती किती वेगाने चालवते, हे मात्र तिला कोणी विचारलं नव्हतं. ते स्वतः तर वर्षभर त्याच हॉलमधून पेपर वाचायला जात होते.

दुकानदाराने गेल्या वर्षीचं एक मॉडेल काढलं. चौदा इंची, कार्ड मधलं, चार्जर बेताचा, किंमत अडुसष्ट. आईने खेळून बघितलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिची पाठ काचेकडे होती, पण वळणावर ती अख्खी डावीकडे झुकत होती आणि दुकानदारही तिच्याबरोबर झुकत होता. मग तिने लॅपटॉप आणि चार्जर पिशवीत घातले, पिशवी खांद्यावर घेतली, काठी उचलली आणि दुकानात फेऱ्या मारायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा ती काचेसमोरून गेली. कुठेही थांबली नाही. ग्रॅमसाहेब तिच्या खांद्याकडे डोळे बारीक करून बघत होते. एक किलो नऊशे, त्यांनी मनात म्हटलं. वीसेक ग्रॅम इकडे तिकडे.

मग आईने काचेतून त्यांना हात केला. ते रस्ता ओलांडून आत गेले. दुकानदाराने आदल्या दिवशीची बातमी ऐकलेली असावी, कारण तो उभा राहिला.

"हे..."

"माझा मुलगा," आई म्हणाली. "पैसे द्यायला आलाय. कमी करू नका, त्याला त्रास होतो."

पुढच्या गुरुवारी आई बहिणीकडे गेली. लॅपटॉपची पिशवी तिने गाडीतही मांडीवरून खाली ठेवली नाही, असं बहिणीने फोनवर सांगितलं. ग्रॅमसाहेब ऑफिसातून घरी आले. सहा वाजले होते. हॉलमध्ये कोणी कोणाला ब्रेक मारायला सांगत नव्हतं. बायकोने कुकर लावला आणि त्याची शिट्टी जरा जास्तच मोठी वाटली. त्यांनी पेपर उघडला, तेच पान दोनदा वाचलं आणि मिटला. तेवढ्यात फोन वाजला.

"अरे, काय करतोयस?" आई.

"काही नाही. बसलोय."

"मग तिकडे बस. कॉम्प्युटर चालू कर. तुझ्या लेकीने तुझ्या नावाचा एक ट्रक काढून ठेवलाय. हिरवा."

"मला कुठे येतं आई त्यातलं!"

"मला तरी कुठे येत होतं?"

त्यांनी हेडफोन लावला. तो अजून आईच्या मापाचा होता, थोडा सैल करावा लागला. पडद्यावर लांबच लांब रस्ता आला, कडेला सूचिपर्णी झाडं, वर ढग. सगळ्यात पुढे लेकीचा ट्रक, मध्ये आईचा, मागे हा हिरवा. लेकीने सांगितलं कुठलं बटण दाबायचं. पहिली दोन वळणं ग्रॅमसाहेबांनी वीसच्या वेगाने, रस्त्यावरची प्रत्येक पाटी पाळत पार केली. तिसऱ्या वळणावर हिरवा ट्रक शांतपणे रस्ता सोडून शेतात गेला आणि एका कुंपणात अडकून पडला.

"थांब," आई म्हणाली. "मी मागे येते."

"आजी!" लेक ओरडली. "वळता येत नाही इथे. आणि आपला माल साडेसहाला पोचायला हवा ना!"

"माल काही रडत नाहीये," आई म्हणाली. तिच्या मागे कुठेतरी जुळी बाळं आळीपाळीने रडत होती. पडद्यावर तिचा तो प्रचंड ट्रक हळूहळू, पुढे-मागे, पुढे-मागे होत वळायला लागला.

ग्रॅमसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मीसुद्धा रडत नाहीये," ते म्हणाले.

"ऐकू येतंय मला," आई म्हणाली. "आता स्टिअरिंग सरळ धर, आणि मी सांगेन तेव्हाच सोड."